बातिस्तुता: गोलांची रास आणि मोजके चषक

धागाकर्ता: लांबचा_फटका

अर्जेंटिनाच्या आघाडीपटूंची चर्चा निघाली की आता ती मेस्सीपासून सुरू होते आणि बहुधा त्याच्यापाशीच संपते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र २१ जून २०१६ रोजी ह्यूस्टनमध्ये अमेरिकेविरुद्ध फ्री किकवर केलेल्या गोलाने मेस्सीने ज्याचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला, त्या गॅब्रिएल ओमार बातिस्तुताविषयी आपल्याकडे दोन-चार ठरावीक वाक्यांपलीकडे बोलले जात नाही. लांब केस, तोफेसारखा फटका, गोल केल्यावर कोपऱ्यातल्या झेंड्याकडे घेतलेली धाव आणि ‘बातिगोल’ हे टोपणनाव, इतके सांगून विषय संपतो. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे आधीच मांडतो. बातिस्तुताने जिंकलेल्या चषकांवरून त्याची कारकीर्द मोजायची ठरवली, तर त्याच्यापेक्षा सामान्य असलेले डझनभर आघाडीपटू त्याच्या पुढे निघून जातात. त्याचे गोल कोणत्या संघाकडून झाले, कोणत्या बचावफळ्यांविरुद्ध झाले आणि त्यासाठी शरीराने काय सोसले, हे विचारात घेतल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ येत नाही.

त्याचा जन्म १ फेब्रुवारी १९६९ रोजी सांता फे प्रांतातल्या आवेयानेदा या गावी झाला. (इंडिपेंडिएंते आणि रासिंग या क्लबांचे ब्युनोस आयर्सजवळचे आवेयानेदा ते वेगळे, या दोन गावांची गल्लत अनेक लेखांत दिसते.) तो वाढला जवळच्याच रेकोंकिस्ता शहरात. उंचीमुळे लहानपणी त्याचा ओढा बास्केटबॉलकडे होता, आणि १९७८ साली मारिओ केम्पेसच्या गोलांनी अर्जेंटिनाने मायदेशात विश्वचषक जिंकल्यानंतर तो फुटबॉलकडे वळला. रोसारिओच्या न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबात तो दाखल झाला, तेव्हा त्याचे वजन जास्त होते आणि घराच्या आठवणीने तो हैराण असे. तिथे तरुण खेळाडूंना घडवणाऱ्या मार्सेलो बिएल्साने त्याच्याकडून कसून मेहनत करून घेतली. हे नाव लक्षात ठेवावे, कारण चौदा वर्षांनंतर हाच माणूस त्याच्या शेवटच्या विश्वचषकात बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेला असणार होता.

१९८९ मध्ये तो रिव्हर प्लेटकडे गेला. तिथे डॅनिएल पासारेला प्रशिक्षक झाला आणि बातिस्तुताची संघातली जागा गेली. १९९० मध्ये त्याने थेट कट्टर प्रतिस्पर्धी बोका ज्युनिअर्सची वाट धरली, पण तिथेही सुरुवातीला त्याला उजव्या बगलेवर खेळवले गेले आणि त्याचा जीव रमेना. १९९१ च्या आरंभी उरुग्वेचे ऑस्कर ताबारेझ बोकाचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी त्याला गोलच्या समोर, मध्यभागी उभे केले, आणि बोकाने ती क्लाउसुरा स्पर्धा (मोसमाच्या उत्तरार्धातली लीग) एकही सामना न हरता जिंकली. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा डावपेचात्मक निर्णय मला हाच वाटतो. ताकदीच्या खेळाडूला बगलेवर धाडून क्रॉस टाकायला लावण्याची चूक अनेक प्रशिक्षकांनी केली आहे. ताबारेझ यांनी ती दुरुस्त केली आणि मग चौदा वर्षे कोणी त्या जागेला हात लावला नाही.

यात एक विलक्षण योगायोगही आहे. त्या मोसमाचे अंतिम विजेतेपद ठरवण्यासाठी बोकाला अपेर्तुरा, म्हणजे मोसमाच्या पूर्वार्धातली लीग, जिंकणाऱ्या न्यूवेल्सशी खेळावे लागले. न्यूवेल्सचा प्रशिक्षक तेव्हा बिएल्सा होता. बातिस्तुता आणि त्याचा जोडीदार दिएगो लातोर्रे हे दोघेही त्या वेळी राष्ट्रीय संघाबरोबर चिलीमध्ये कोपा आमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) खेळत असल्याने बोका त्यांच्याविना उतरला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. तिकडे चिलीत बातिस्तुताने सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि प्रशिक्षक आल्फिओ बासिले यांच्या अर्जेंटिना संघाने स्पर्धा जिंकली. त्याच कामगिरीवर फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना क्लबाने त्याला इटलीत नेले. लातोर्रेलाही फिओरेंटिनाने घेतले होते, पण तो तिथे दोनच सामन्यांपुरता राहिला.

फ्लॉरेन्समधल्या पहिल्या मोसमात त्याने सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, १३ गोल केले आणि दुसऱ्या मोसमात १६. या दुसऱ्या मोसमाकडे, म्हणजे १९९२-९३ कडे, थांबून पाहायला हवे. संघात ब्रायन लाउड्रुप होता, स्टेफान एफेनबर्ग होता, आणि मोसमाच्या मध्याला संघ वरच्या स्थानांत असताना क्लबच्या मालकांनी प्रशिक्षक लुइजी रादिचे यांना काढून टाकले. त्यानंतर जी घसरण झाली ती थांबलीच नाही. शेवटच्या दिवशी फोज्जाविरुद्ध ६-२ असा विजय मिळवूनही फिओरेंटिना दुसऱ्या श्रेणीत गेली. इतके गोल करणारा राष्ट्रीय संघाचा आघाडीपटू अशा वेळी सहसा नवा क्लब शोधतो. बातिस्तुता थांबला, सेरी बीमध्ये आणखी १६ गोल केले, आणि क्लाउदिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली संघ लगेच वर आला. चाहत्यांनी उभारलेला त्याचा पुतळा, त्याच्या नावाची गाणी, त्याला मिळालेली ‘सिंहराज’ ही पदवी, या सगळ्यांचे मूळ त्या एका वर्षात आहे.

पुढचे वर्ष १९९४-९५. पहिल्या अकरा सामन्यांत सलग गोल. एत्सिओ पास्कुत्ती याने १९६२-६३ मध्ये बोलोन्याकडून सलग दहा सामन्यांत गोल केले होते, तो विक्रम तीन दशकांनी मोडला. मोसमाअखेर २६ गोलांसह तो सेरी आचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. १९९६ मध्ये इटालियन चषक मिळाला. अटलांटाविरुद्धच्या अंतिम लढतीच्या दोन्ही सामन्यांत त्याचा गोल होता. त्याच वर्षी सान सिरोवर मिलानला २-१ ने हरवून सुपर कपही जिंकला, आणि ते दोन्ही गोल त्याचेच. फिओरेंटिनाकडून त्याला मिळालेले मोठे चषक एवढेच. सेरी आमध्ये त्या क्लबसाठी त्याने एकूण १५२ गोल केले. मे २००० मधल्या शेवटच्या सामन्यात व्हेनेत्सियाविरुद्ध हॅटट्रिक करून त्याने कुर्ट हामरिनचा १५० गोलांचा विक्रम ओलांडला आणि मग निरोप घेतला.

राष्ट्रीय संघ, रोमा आणि नंतरचे दिवस यांवर सदस्यांनी भर घालावी, अशी विनंती.

---

मधली_फळी

धागा आवडला. आकड्यांच्या संदर्भाचा मुद्दा आपण मांडलात, त्यात थोडी भर घालतो.

त्या काळात सेरी आमध्ये अठराच संघ होते आणि प्रत्येकाला ३४ सामने मिळत. आज वीस संघांच्या आणि ३८ सामन्यांच्या स्पर्धेत एखाद्याने २६ गोल केले, तर ते चार सामने जास्त खेळून केलेले असतात, हे तुलना करताना सोयीस्करपणे विसरले जाते. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे समोरच्या बचावाची गुणवत्ता. १९९३-९४ मध्ये विजेत्या मिलानने ३४ सामन्यांत फक्त १५ गोल स्वीकारले होते. बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता आणि तास्सोत्ती ही त्यांची फळी. थोड्या वर्षांनी पार्मात तुराम आणि कान्नावारो एकत्र आले, त्यांच्या मागे बुफोन. जुव्हेंटसकडे फेर्रारा आणि मोंतेरो. प्रत्येक रविवारी यांच्यापैकी कोणीतरी अंगाला चिकटून उभा असे, आणि मागून पाय घालणाऱ्याला आजच्यासारखे लगेच कार्ड मिळत नसे.

आता त्याच्या खेळाविषयी. तोफेसारखा फटका ही उपमा इतकी रूढ झाली आहे की त्यामागचे तंत्र दिसेनासे होते. फटका मारण्यापूर्वी तो पाय फार मागे नेत नसे. चेंडू थांबवणे आणि मारणे यांत एवढे थोडे अंतर असे, की बचावपटूला आडवे पडायला आणि गोलरक्षकाला पायांची जागा ठरवायला वेळच उरत नसे. म्हणून त्याचे बरेच गोल कठीण कोनांतून, गोलरक्षक आणि जवळच्या खांबाच्या मधून झालेले दिसतात. २७ ऑक्टोबर १९९९ रोजी वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध झालेला चॅम्पियन्स लीगमधला विजयी गोल पुन्हा पाहावा. उजव्या बाजूला चेंडू त्याच्या पायात येतो, तो बचावपटूला बाहेरच्या बाजूने टाकतो, आणि जिथून कोणीही क्रॉस टाकील तिथून दूरच्या वरच्या कोपऱ्यात चेंडू घालतो. सीमनसारखा गोलरक्षक हलूही शकला नाही.

आणखी एक गोष्ट: १९९४ मध्ये बेन्फिकाहून रुई कोस्ता आला. मागून येणारा नेमका पास आणि त्या पासच्या आधी अर्धा क्षण सुरू झालेली बातिस्तुताची धाव, हे सहा वर्षे फ्लॉरेन्सने पाहिले. बातिस्तुता चेंडू घेऊन चार जणांना चुकवणारा खेळाडू नव्हता. त्याला कोणीतरी चेंडू पोहोचवावा लागे. याला मी उणीव मानत नाही. चेंडू येण्याआधी कुठे उभे राहायचे हे कळणे, हेच तर या जागेवरचे निम्मे काम आहे.

---

शंकासूर

उत्सवात थोडे विरजण घालण्याची परवानगी असावी.

पहिला आक्षेप विश्वचषकाबद्दल. तीन विश्वचषकांत मिळून दहा गोल, दोन वेगवेगळ्या विश्वचषकांत हॅटट्रिक करणारा २०२२ पर्यंतचा एकमेव खेळाडू, हे सर्वजण सांगतात आणि ते खरे आहे. पण ते दहा गोल एकेक करून पाहावेत. १९९४ मध्ये ग्रीसविरुद्ध तीन, त्यांतला एक पेनल्टीवर. रुमानियाविरुद्ध एक, तोही पेनल्टीवर. १९९८ मध्ये जपानविरुद्ध एक, जमैकाविरुद्ध तीन (त्यांत एक पेनल्टी), आणि इंग्लंडविरुद्ध एक पेनल्टी. २००२ मध्ये नायजेरियाविरुद्ध हेडरने एक. म्हणजे दहांपैकी चार पेनल्टी, आणि बाद फेरीत वाहत्या खेळातला एकही गोल नाही. ग्रीस, जपान आणि जमैका हे तिन्ही संघ तर त्या त्या वेळी पहिल्यांदाच विश्वचषकात आले होते.

दुसरा आक्षेप निष्ठेच्या कथेला. ती मोठी गोड आहे, पण तेव्हाच्या इटलीत परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती. ही मर्यादा सैल करणारा बोस्मान न्यायनिकाल येईपर्यंत प्रत्येक मोठ्या क्लबच्या परदेशी जागा भरलेल्या असत. १९९३ मध्ये त्याच्यासाठी मिलान किंवा जुव्हेंटसचे दार सताड उघडे होते, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल. शिवाय शेवटी तो गेलाच, आणि तो गेला तो लीगचे विजेतेपद जिंकण्यासाठी. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही; मात्र पुतळ्याच्या चौथऱ्यावरून माणसाकडे पाहिले की व्यवहार दिसत नाही.

---

लांबचा_फटका

शंकासूर, दहा गोलांचे आपले विवरण बरोबर आहे आणि ते इथे नोंदवले गेले, हे चांगलेच झाले. त्यावरून निष्कर्ष मात्र मी वेगळा काढेन.

विश्वचषकातले बाद फेरीचे सामने त्याच्या वाट्याला आले किती? १९९४ मध्ये एक, १९९८ मध्ये दोन, २००२ मध्ये एकही नाही. या तीन सामन्यांत त्याने दोन गोल केले. नेदरलँड्सविरुद्ध मार्सेयला त्याचा जोरदार फटका खांबावर आदळला. चार बोटे आत असता तर आपला आक्षेप दुसऱ्या शब्दांत आला असता. १९९४ चा संघ तर स्पर्धेच्या मधोमध मोडला. मॅराडोना उत्तेजक चाचणीत सापडून बाहेर गेला, कानिज्या जखमी झाला, आणि रुमानियाविरुद्ध उतरलेला संघ ग्रीसला ४-० ने हरवणारा संघ राहिलाच नव्हता.

मोठ्या सामन्यांत तो गळपटत असे का, हे पाहायचे तर १९९३ च्या कोपा आमेरिकाकडे जावे. इक्वेडोरमध्ये अर्जेंटिनाने ब्राझील आणि कोलंबिया या दोघांनाही पेनल्टी शूटआउटमध्ये कसेबसे मागे टाकले. ग्वायाकीलच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोवर २-१ असा विजय मिळाला, तो बातिस्तुताच्या दोन गोलांनी. त्यानंतर अर्जेंटिनाच्या ज्येष्ठ संघाला पुढचा मोठा चषक मिळायला जुलै २०२१ उजाडावे लागले. मधली अठ्ठावीस वर्षे त्या देशातल्या दोन पिढ्यांसाठी ‘शेवटचा चषक’ म्हणजे त्याचे ते दोन गोल होते. क्लबच्या बाबतीत १९९७ च्या युरोपीय कप विनर्स कपची उपांत्य फेरी घ्यावी. कॅम्प नूवर बार्सिलोनाविरुद्ध बरोबरी साधणारा गोल केल्यावर त्याने ओठांवर बोट ठेवून अख्ख्या मैदानाला गप्प बसायला सांगितले होते. परतीचा सामना फिओरेंटिना ०-२ हरली, हेही सांगितले पाहिजे.

परदेशी खेळाडूंच्या मर्यादेचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. तरीही त्यातून १९९३ चे एक वर्ष सुटते, पुढची सात वर्षे सुटत नाहीत. १९९५ च्या डिसेंबरात बोस्मान निकाल आला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता, नुकताच लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता, आणि तरीही आणखी साडेचार वर्षे तो तिथेच खेळला.

---

रविवारचा_प्रेक्षक

१९९८ चा विश्वचषक आम्ही दूरदर्शनवर पाहिला. सेंट एतिएनचा अर्जेंटिना-इंग्लंड सामना आमच्या पिढीत कोणी विसरलेला नसावा. सगळ्यांना ओवेनचा गोल आणि बेकहॅमचे लाल कार्ड आठवते. सहाव्या मिनिटाची बातिस्तुताची पेनल्टी त्यात हरवून जाते.

पासारेलाबद्दल आपण लिहिलेत, त्याचा दुसरा अंक इथे सांगायला हवा. १९९४ नंतर तोच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि लांब केसांना त्याने मनाई केली. मधल्या फळीतल्या रेदोंदोने नकार दिला आणि तो बाहेर राहिला. बातिस्तुतालाही पात्रता फेरीच्या बऱ्याच मोठ्या काळात बाहेर ठेवण्यात आले. पुढे त्याने केस थोडे कापले, संघात परतला, आणि फ्रान्समध्ये पाच गोल केले. एकाच प्रशिक्षकाने दोन वेगवेगळ्या संघांतून, काही वर्षांच्या अंतराने एकाच आघाडीपटूला बाजूला सारल्याची उदाहरणे फार नसतील.

---

जांभळा_सदरा

मी फिओरेंटिनाचा निःसंकोच पक्षपाती आहे, हे सदस्यनामावरून (जांभळा हा क्लबचा रंग) कळत असेलच. १९९८-९९ या मोसमाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहीत आहे, कारण या धाग्याच्या मूळ मुद्द्याशी त्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे.

जोव्हान्नी त्रापात्तोनी प्रशिक्षक होते. गोलमध्ये तोल्दो, मध्यावर रुई कोस्ता, पुढे बातिस्तुता आणि ब्राझीलचा एदमुंदो. हिवाळ्यापर्यंत संघ पहिल्या स्थानावर होता आणि १९६९ नंतर पहिल्यांदाच विजेतेपद आवाक्यात दिसत होते. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी मिलानविरुद्धच्या सामन्यात धावता धावता बातिस्तुताच्या पायाचा स्नायू दुखावला आणि तो स्ट्रेचरवरून बाहेर गेला. नेमक्या त्याच दिवसांत एदमुंदो कार्निव्हलसाठी रिओला निघून गेला. पुढचे काही आठवडे संघाकडे ना एक आघाडीपटू होता ना दुसरा. शेवटी फिओरेंटिना तिसरी आली आणि विजेतेपद मिलानने नेले. बातिस्तुताचे त्या मोसमात २१ गोल झाले.

चषकांच्या यादीत या मोसमापुढे काहीच लिहिलेले नाही. पण ज्यांनी तो हिवाळा पाहिला, त्यांना संघ त्याच्यावर किती अवलंबून होता याचा वेगळा पुरावा लागत नाही. याच तिसऱ्या क्रमांकामुळे पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग मिळाली, आणि वेम्बलीचा तो गोल झाला. मँचेस्टर युनायटेडला फ्लॉरेन्समध्ये २-० ने हरवले, तेव्हा रॉय कीनचा चुकलेला पास उचलून पहिला गोल त्यानेच केला होता. आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ३-१ ने हरलो, त्यातला आमचा एकमेव गोलही त्याचाच, लांबून मारलेला.

शंकासूर यांना एवढेच सांगेन की तो गेला तेव्हा क्लबचीच अवस्था काय होती, तेही पाहावे. क्लबचे मालक मारिओ चेक्की गोरी १९९३ मध्ये वारले होते, कारभार मुलगा व्हित्तोरिओकडे होता, आणि क्लबवर कर्जाचा डोंगर होता. रोमाने मोजलेले ७० अब्ज लिरा ही क्लबची गरज होती. २००२ मध्ये फिओरेंटिना खालच्या श्रेणीत घसरली आणि दिवाळखोरीत निघाली; फ्लोरेंतिया व्हियोला या नावाने चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. बुडत्या जहाजातून उडी मारल्याचा आरोप त्याच्यावर कोणी करू नये, कारण त्याच्या विक्रीच्या पैशांवर जहाज काही काळ तरंगत राहिले. गंमत अशी, की तो गेल्यावर पहिल्याच मोसमात, २००१ मध्ये, संघाने त्याच्याविना इटालियन चषक जिंकला.

---

ऑलिंपिको_उत्तर

रोमाची बाजू मांडायला कोणीतरी हवेच.

एकतिसाव्या वर्षी पोहोचलेल्या खेळाडूवर ७० अब्ज लिरा खर्च करणे हा तेव्हा वेडेपणा मानला गेला होता. त्या वयाच्या खेळाडूसाठी इतकी रक्कम आधी कोणी मोजली नव्हती. फ्रांको सेन्सी अध्यक्ष, फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक. शहरातल्याच दुसऱ्या क्लबाने, लात्सिओने, नुकतेच विजेतेपद जिंकले होते आणि रोमाला १९८३ नंतर ते मिळाले नव्हते. शहरातला तो दबाव बाहेरच्याला कळायचा नाही. तोत्ती, मोंतेल्ला आणि बातिस्तुता अशी आघाडी उभी राहिली. बातिस्तुताने २० गोल केले. १७ जून २००१ रोजी पार्माला ३-१ ने हरवून विजेतेपद नक्की झाले, आणि ते तीन गोल याच क्रमाने तोत्ती, मोंतेल्ला आणि बातिस्तुता यांनी केले होते. वयाच्या ३२ व्या वर्षी त्याला इटलीत लीगचे पहिले आणि एकमेव विजेतेपद मिळाले.

आणि २६ नोव्हेंबर २०००. ऑलिंपिको स्टेडियम, समोर फिओरेंटिना, सामना शेवटाकडे आलेला आणि गोल एकही नाही. चेंडू हवेतून येतो, जमिनीला टेकण्याआधी बातिस्तुता लांबूनच फटका मारतो आणि चेंडू जाळ्यात जातो. तोल्दोला काहीच करता आले नाही. सहकारी त्याच्यावर झेप घेतात आणि तो मात्र रडत असतो. आज जुन्या क्लबविरुद्ध गोल झाला की हात वर करून आनंद न साजरा करण्याचा शिष्टाचारच पडला आहे आणि तो पुष्कळदा नाटकी वाटतो. त्या दिवशीचा त्याचा चेहरा पाहिल्यावर तो आरोप कोणी करणार नाही.

त्यानंतर उतरण आली. पुढच्या मोसमात लीगमध्ये सहा गोल, मग २००३ च्या जानेवारीत इंटरकडे उसनवारीवर, तिथे बारा सामन्यांत दोन गोल. सेरी आमधली बेरीज १८४.

---

दोहा_मुक्काम

कतारचा टप्पा बहुतेक जण एका ओळीत उरकतात. २००३ मध्ये कतारी लीगने युरोपातल्या उतारवयाच्या नामवंतांना एकाच वेळी बोलावले. ग्वार्दिओला अल अहलीत आला, हिएर्रो अल रय्यानमध्ये, आणि बातिस्तुता अल अरबीत, जिथे त्याचा फिओरेंटिनातला जुना सहकारी एफेनबर्गही होता. त्या पहिल्या मोसमात त्याने २५ गोल केले आणि मन्सूर मुफ्ताह या कतारी खेळाडूचा एका मोसमातला २२ गोलांचा विक्रम मोडला. हा आकडा २०१८-१९ मध्ये बगदाद बुनेजाहने मागे टाकला. लीगचा दर्जा सेरी आच्या जवळपासही नव्हता, हे मान्यच आहे. पण इथल्या स्थानिक प्रेक्षकांना त्याचे अप्रूप होते, आणि दुखऱ्या पायांनी का होईना, त्याने पैसे घेऊन वेळ काढला नाही, हे आकड्यांतून दिसते. २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

---

अस्थिरोग_विभाग

धागाकर्त्यांनी शरीराने काय सोसले, असा उल्लेख केला आहे. माझे क्षेत्र त्याच्याशी संबंधित असल्याने त्याविषयी लिहितो.

२०१४ मध्ये बातिस्तुताने स्वतः जाहीरपणे सांगितले, की निवृत्तीनंतर एका रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत त्याचे चालणे थांबले. स्वच्छतागृह तीन मीटरवर असताना घोट्यांच्या वेदनेमुळे तो अंथरुणातच लघवी करत असे. शेवटी तो ओळखीच्या डॉक्टरकडे गेला आणि पाय कापून टाका असे म्हणाला. डॉक्टरांनी नकार दिला. त्याच्या घोट्यांमध्ये कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे मऊ आवरण) जवळजवळ उरलीच नव्हती आणि शरीराचा भार हाडावर हाड घासत पेलला जात होता. त्यानंतर एका घोट्यात स्क्रू बसवून सांधा स्थिर करण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये घोट्याचा कृत्रिम सांधा बसवला गेला.

सामान्य वाचकांना यामागची प्रक्रिया कळावी म्हणून थोडे स्पष्ट करतो. वेदना हा शरीराचा थांबण्याचा इशारा असतो. इंजेक्शनने तो इशारा बंद केला की खेळाडू नव्वद मिनिटे धावू शकतो, पण सांध्याची झीज त्याच वेगाने सुरू राहते, उलट वाढते, कारण तो भाग आपोआप सांभाळून वापरण्याची सवय निघून जाते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे ती एकदा झिजली की पूर्ववत होत नाही. नव्वदच्या दशकात इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे हे सर्रास चाले आणि त्याला शौर्य मानले जाई. बातिस्तुताने आपण खेळातून लवकर बाहेर पडायला हवे होते, असा सूर लावलेला नाही. मात्र त्याच्या गोलांची बेरीज करणाऱ्याने त्याच्या घोट्यांची वजाबाकीही मांडावी.

---

मधली_फळी

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून २००२ चा विश्वचषक वेगळ्या नजरेने पाहावासा वाटतो. बिएल्साकडे बातिस्तुता आणि क्रेस्पो असे दोन अव्वल आघाडीपटू होते आणि दोघांना एकत्र खेळवायचे नाही यावर तो ठाम राहिला. तिन्ही सामन्यांत बातिस्तुताने सुरुवात केली आणि तिन्ही सामन्यांत त्याच्या जागी क्रेस्पो आला. नायजेरियाविरुद्ध १-० विजय, सप्पोरोला इंग्लंडकडून ०-१ पराभव, आणि स्वीडनविरुद्ध १-१ बरोबरी, ज्यात बरोबरीचा गोल क्रेस्पोचा होता. स्पर्धेचा प्रबळ दावेदार संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

बिएल्साची बाजू अशी, की त्याच्या पद्धतीत दोन्ही बगलांवर खेळाडू हवेत आणि मध्ये एकच. पात्रता फेरीत याच रचनेने संघ दक्षिण अमेरिकेत पहिला आला होता, त्यामुळे ती बदलण्याचे कारण त्याला दिसले नाही. तरी शेवटच्या सामन्यात गोल हवाच असताना दोघांना अर्धा तास तरी एकत्र ठेवायला काय हरकत होती, हे मला आजही पटलेले नाही. क्रेस्पोने राष्ट्रीय संघासाठी ६४ सामन्यांत ३५ गोल केले. बातिस्तुता नसता तर तो आकडा कुठे गेला असता, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

---

शंकासूर

१९९३ ची कोपा आमेरिका आणि १९९८-९९ चा मोसम या दोन प्रतिसादांनी माझा पहिला आक्षेप बराच सैल केला, हे सांगायला हरकत नाही. निष्ठेविषयीची माझी शंका कायम ठेवतो. आता एक प्रश्न: राष्ट्रीय संघाकडून त्याचे गोल ५४ की ५६? दोन्ही आकडे छापलेले दिसतात.

---

लांबचा_फटका

त्याच्या खेळण्याच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे ७८ सामन्यांत ५६ गोल असाच हिशेब दिला जाई. पुढे एक सामना अधिकृत यादीतून वगळण्यात आला, त्यातले दोन गोल गेले, आणि ७७ सामन्यांत ५४ हा आकडा रूढ झाला. म्हणूनच २०१६ मध्ये मेस्सीच्या ५५ व्या गोलाला विक्रम म्हटले गेले. जुन्या पुस्तकांत ५६ दिसला तर तो छपाईचा दोष समजू नये. विश्वचषकातल्या दहा गोलांचा राष्ट्रीय विक्रम मात्र आणखी साडेसहा वर्षे टिकला. १३ डिसेंबर २०२२ रोजी क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मेस्सीने अकरावा गोल केला, आणि शंकासूर, तोही पेनल्टीवरच होता.